गप्प म्हणजे झालं

त्या कॉम्प्युटरला माऊस नव्हता, चित्रं नव्हती, काही म्हणता काही नव्हतं. काळा पडदा आणि त्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, उघडमीट करत बसलेली. लाबेजाने पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, हा टीव्ही बिघडलाय. कंपालाने आपल्या गळ्यात भंगार मारलंय."

"टीव्ही नाही तो," मी म्हटलं. "तुझी नवी सासू आहे. आता तिच्या मर्जीने वागायचं."

लाबेजा आमच्या रेडिओ स्टेशनचा कॅसेटवाला. किटगुमच्या रस्त्यावर आमचं स्टेशन, दोन खोल्या, एक ओटी, मागे टॉवर. मी तिथे बोलते. पूर्वी शाळेत शिकवत होते म्हणून सगळे मला आचिरोबाई म्हणतात, आणि शाळेतला आवाज अजून गेलेला नाही, तो थेट काँगोच्या जंगलापर्यंत पोचतो असं लोक म्हणतात. पोचावा म्हणूनच तर आहे. दर शनिवारी संध्याकाळी आमच्या रेडिओवर आया आपल्या मुलांना हाका मारतात. बंडखोरांनी उचलून नेलेली मुलं. कोणी शाळेतून नेलं, कोणी झोपेतून, कोणी तिळाच्या शेतातून. जंगलात ज्याच्या हाती रेडिओ लागतो तो चोरून ऐकतो. काही जण ऐकून परत आलेले आहेत. माझ्या डोळ्यांसमोर आलेले आहेत, म्हणून सांगते.

या सगळ्या हाका लाबेजाने टेप केलेल्या. लढाईच्या वर्षांत लोक कॅम्पात कोंबलेले असताना तो सायकलला टेपरेकॉर्डर बांधून कॅम्पाकॅम्पात फिरला. पण कॅसेटींना बुरशी लागायला लागली. मग राजधानीहून, कंपालाहून, सेम्वांगा नावाचा एक तरुण इंजिनियर आला, कोणीतरी दान दिलेला हा काळा कॉम्प्युटर घेऊन. त्याने सगळे आवाज त्यात भरले, प्रत्येक कॅम्पाचा एक वेगळा कप्पा केला, आणि लाबेजाला शिकवायला बसला.

काय ते शिकणं! मी दारात उभी राहून बघत असे आणि हसू दाबत असे. लाबेजा एका बोटाने अक्षर शोधायचा. कुदळ मारावी तसं ते बोट खाली यायचं. एक अक्षर चुकलं की यंत्र इंग्रजीत काहीतरी फणकारायचं.

"बघा, परत शिवी दिली," लाबेजा म्हणायचा.

"शिवी नाही, काका," सेम्वांगा म्हणायचा. "ते म्हणतंय, असं काही मला माहीत नाही. तुम्ही पुन्हा नीट सांगा."

"मग बरोबर सांगितलं तर काय म्हणतं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. गप्प बसतं. गप्प म्हणजे झालं. चुकलं तरच बोलतं."

लाबेजाला हे फार आवडलं. मान डोलावत म्हणाला, "माझ्या बापासारखं आहे म्हणजे. मग जमेल."

आणि जमलं की! आठवडाभरात कप्प्यात शिरायला शिकला, आत काय काय आहे ते विचारायला शिकला, आवाज वाजवायला शिकला, एका कप्प्यातला आवाज उचलून दुसऱ्यात ठेवायला शिकला. एक ओळ लिहायचा, दणकन मोठं बटण दाबायचा आणि श्वास रोखून बसायचा. यंत्र गप्प राहिलं की मांडीवर थाप मारायचा. सेम्वांगा जाताना त्याला म्हणाला, "काका, एक ध्यानात ठेवा. हे यंत्र 'नक्की का?' म्हणून विचारत नाही. तुम्ही सांगाल ते करून मोकळं होतं." लाबेजाने हो हो म्हटलं. नव्या शिकणाऱ्याला असलं काही ऐकू येत नाही. शाळेत जन्म काढला मी, मला माहीत आहे.

सेम्वांगा गेला, आणि रिकाम्या कॅसेटींवर लाबेजाने चर्चच्या भजनी मंडळाची गाणी भरली. आमच्याकडे कॅसेट कधी टाकत नाहीत, धुऊन पुसून पुन्हा वापरतात. आवाज यंत्रात आहेतच, मग कशाला वाया घालवायच्या? मलाही ते पटलं होतं.

त्याच दिवसांत जेरोलिनाच्या मुलाचा निरोप आला.

जेरोलिना स्टेशनच्या मागच्याच वस्तीत राहायची. तिचा मुलगा ओकेल्लो बारा-तेरा वर्षांचा असताना नेला. त्या दिवशी त्यांच्या गावात इतकी माणसं मारली की मोजायलाही कोणी थांबलं नाही. जेरोलिना पाणी आणायला गेली होती म्हणून वाचली. पुढे टेकडीच्या कॅम्पात लाबेजाने तिचा आवाज टेप केला. मग बंडखोर मुलांना घेऊन काँगोच्या जंगलात सरकले, इकडची लढाई सरली, कॅम्प उठले, आणि मागच्या साली जेरोलिनाचं अर्धं अंग गेलं. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा बसली. समजतं सगळं. डोळ्यांनी बोलते, डाव्या हाताने खुणा करते, पण घशातून घरघर सोडून काही निघत नाही.

जंगलातून पळून आलेल्या एका मुलीने निरोप आणला. ओटीवर बसून तिने तो जसाच्या तसा म्हणून दाखवला. "ओकेल्लो म्हणाला, मला सांगितलंय की त्या दिवशी तुझ्या घरातलं कोणी उरलं नाही. मी रेडिओवर आईचा आवाज कधी ऐकला नाही. आचिरोबाईंना सांग, शनिवारी तिचा आवाज लावा. तो कानावर पडला तर मी निघतो. नाही पडला तर मी कोणाकडे येऊ?"

जेरोलिनाने डाव्या हाताने माझा हात असा धरला की बोटं दुखली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघवेना. पोरगं एका आवाजाच्या अंतरावर उभं होतं, आणि तिच्याकडे आवाज नव्हता.

"आहे ना!" लाबेजा ओरडला. "यंत्रात आहे! चला, आत चला सगळे."

तिला हाताला धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं. लाबेजाने बोटाने एकेक अक्षर ठोकलं. टेकडीचा कॅम्प. मिन ओकेल्लो. आमच्यात लेकुरवाळीला तिच्या नावाने हाक मारत नाहीत. मिन म्हणजे आई. ओकेल्लोची आई ती मिन ओकेल्लो. रेडिओवर मीही तसंच म्हणते आणि लाबेजानेही सेम्वांगाला सांगून यंत्रात तशीच नावं दिली होती. जेरोलिना असं नाव कुठे लिहिलेलं असतं तर तिलाच ते परकं वाटलं असतं.

बटण दाबलं आणि जेरोलिना बोलायला लागली. खुर्चीवरची नाही, तेव्हाची. खणखणीत, जरा चिडकी. "ओकेल्लो, मी बोलतेय. मी आहे. तुझी बकरी मेली, पण मी आहे. कोणी काही सांगितलं तरी ऐकू नकोस. घरी ये. तुला कोणी रागावणार नाही, मी बघते कोण रागावतं ते." खुर्चीवरची जेरोलिना स्वतःचा आवाज ऐकत होती आणि तिच्या वाकड्या तोंडाच्या कडेने लाळ गळत होती. मी ती पदराने पुसली. लाबेजा पाठ करून उभा राहिला. त्याचं नाक वाजत होतं.

"शनिवारी," मी तिला म्हटलं. "शनिवारी लावते बघ. माझी जबाबदारी."

तिथेच थांबायला हवं होतं. पण लाबेजाच्या अंगात शहाणपण संचारलं होतं. शनिवारी ऐन वेळी कप्पे धुंडाळत बसायला नको, मी सगळे आवाज एकाच कप्प्यात आणून ठेवतो, म्हणाला. मी म्हटलं, "कशाला हात लावतोस चांगल्या चाललेल्याला?" तर म्हणाला, "बाई, तुम्ही बोलायचं काम करा." मीही चिडून गेले तिथून. शुक्रवारी दुपारी तो एकटाच बसला होता. आधी टेकडीच्या कॅम्पाचे सगळे आवाज उचलून मोठ्या कप्प्यात टाकले. यंत्र गप्प. मग नदीच्या कॅम्पाचे टाकले. यंत्र गप्प. मग बाकीचे. एकदाही फणकारलं नाही. शेवटी त्याने आत काय काय आहे ते विचारलं, तर मिन ओकेल्लो हे नाव समोर लखलखीत दिसलं. मांडीवर थाप मारून तो चहा प्यायला गेला.

शनिवारी ओटीवर जेरोलिना सकाळपासूनच येऊन बसली. धुतलेलं लुगडं, डोक्याला नवा रुमाल. बाहेरच्या कर्ण्यातून कार्यक्रम ऐकायला वस्तीतल्या बायाही जमल्या. मी माईकपुढे बसले. म्हटलं, "ओकेल्लो, तुझा निरोप पोचला. तू मागितलास तो आवाज आता ऐक. ही तुझी आई." आणि काचेपलीकडे लाबेजाला खूण केली.

"ओकेल्लो, माझ्या राजा," कर्ण्यातून बाई बोलली. मऊ, दमलेला आवाज. "मी नदीच्या कॅम्पात आहे. तुझ्या बहिणीही आहेत. आम्ही बऱ्या आहोत. तू ये रे. तुझ्यासाठी तिळाचा गोळा कुटून ठेवते..."

हा आवाज मला माहीत होता. ही फिल्डा. नदीच्या कॅम्पातली. हिचाही मुलगा ओकेल्लो, तोही नेलेला. आमच्यात जुळ्यांच्या पाठीवर जो मुलगा होतो त्याचं नाव ओकेल्लोच ठेवतात, दुसरं ठेवत नाहीत. दहा घरांत एक तरी ओकेल्लो असायचाच आणि त्या प्रत्येक घरात एक मिन ओकेल्लो. आणि ही फिल्डा तर त्याच कॅम्पात कॉलऱ्याने गेली होती. तिच्या मुलीही.

बाहेर ओटीवर काहीतरी आपटलं. जेरोलिना डाव्या हाताने दार बडवत होती. घशातून घरघर येत होती, इतकी मोठी की माईकमध्ये शिरली असेल.

मी लाबेजाला हातवारे केले. त्याने आवाज बंद केला. काचेपलीकडे त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. आता काय करायचं? गप्प कशी बसू? मी माईकमध्ये सगळं खरं ते सांगितलं. म्हटलं, "ओकेल्लो, थांब, ऐक. चूक झाली. तो आवाज तुझ्या आईचा नव्हता. तुझी आई जिवंत आहे, इथे दारात उभी आहे. तिची वाचा गेलीय, बाळा, तिला बोलता येत नाही. ही घरघर येतेय ती तिची आहे." आणि बोलता बोलताच मला कळत होतं की हे किती खोटं वाटतंय. खरं असून खोटं वाटत होतं.

कार्यक्रम संपला तसा लाबेजा यंत्रावर तुटून पडला. कप्प्यात शिर, बाहेर ये, पुन्हा शिर. टेकडीचा कप्पा रिकामा. मोठ्या कप्प्यात मिन ओकेल्लो एकच. त्याने ती पुन्हा लावली, पुन्हा फिल्डाच बोलली. मग त्याने सेम्वांगाला फोन लावला आणि माझ्याकडे दिला.

सेम्वांगाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, एका कप्प्यात एका नावाचा एकच राहतो. दुसरा आला की पहिल्याच्या जागी बसतो. पहिला जातो."

"जातो म्हणजे कुठे जातो? बोलावून आण ना त्याला."

"कुठे नाही जात. राहत नाही."

"आणि त्या मेल्या यंत्राने सांगू नये? एवढं साधं 'इथे आधीच कोणी आहे' म्हणू नये?"

"त्याच्या दृष्टीने काही चुकलं नव्हतं, बाई." आणि त्याने विचारलं, "कॅसेट तर असेल ना?"

कॅसेटवर चर्चची भजनं होती. लाबेजाने तरीही ती शोधली, वाजवली, पुढे मागे केली. मंडळी देवाचं गुणगान करत होती. शेवटी तो कॅसेट हातात घेऊन जमिनीवर बसला आणि बाप्या माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. मला त्याचा इतका राग आला होता की वाटलं दोन लगावाव्यात. पण जेरोलिना दारात येऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंतीला धरत धरत निघून गेली. तिने चिडावं, थुंकावं, काहीही करावं असं मला वाटत होतं. तिने काही केलं नाही.

पुढच्या शनिवारी मी तेच पुन्हा सांगितलं, तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, बकरीचा रंग सांगितला. जेरोलिना रोज ओटीवर येऊन बसायची, रस्त्याकडे तोंड करून.

मग एके दिवशी सकाळी सैन्याची गाडी आमच्या दारात थांबली. परत आलेली मुलं आधी रेडिओवर बोलतात, मग घरी जातात, अशी आमची रीत आहे. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "आचिरोबाई, ओकेल्लो आलाय! तुमचा शनिवारचा कार्यक्रम ऐकून आलाय!"

काय सांगू तुम्हाला! लाबेजा आतून धावत आला, पायात चप्पल एकच. जेरोलिना उठली. कोणी हात दिला नाही, एकटी उठली. गाडीच्या मागून एक उंच, वाळलेला पोरगा उतरला. ओठावर जखमेचा व्रण, खांद्याला दोरीने बांधलेला छोटा रेडिओ. जेरोलिनाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा मिटला. ती तशीच हळूहळू खाली बसली.

पोराने तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे आला. "तुम्ही आचिरोबाई ना? आवाज ओळखतो मी तुमचा. माझी आई कुठेय? ती म्हणाली नदीच्या कॅम्पात. पण हे सैनिक म्हणतात तिथे आता कोणी राहत नाही."

त्याला ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. फिल्डाचं सांगितलं, बहिणींचं सांगितलं. कॉलरा म्हटलं. तो आवाज जुना होता म्हटलं.

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "कमांडर हेच सांगायचा. रेडिओवरच्या आया मेलेल्या आहेत, जुन्या टेपा वाजवतात, म्हणायचा. मी म्हणायचो, कमांडर खोटारडा आहे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला जास्त लागलं.

लाबेजाने खाली मान घालून विचारलं, "बाळा, तिथे आणखी एक ओकेल्लो होता का? त्या शनिवारची वाट बघणारा?"

"होता की. त्याचाच तर रेडिओ हा. आम्ही दोघं गवतात पडून ऐकत होतो. तुम्ही म्हणालात ही तुझी आई, आणि बाई बोलायला लागली. तो म्हणाला, ही माझी नाही. मी म्हटलं, अरे ही माझी आहे! मी रडायला लागलो. त्याने माझ्या तोंडावर हात दाबला, कोणी ऐकू नये म्हणून."

"आणि नंतर मी बोलले ते?" मी विचारलं. "तिची वाचा गेलीय, ती जिवंत आहे, ते ऐकलं ना त्याने?"

"ऐकलं. हसला तो. म्हणाला, आधी दुसऱ्याची आई लावली, ते पकडलं गेलं तर आता म्हणे मुकी झाली. म्हणाला, ती मेलीय, हे लोक मला फसवून बोलावताहेत. मी म्हटलं, माझ्याबरोबर चल. तर म्हणाला, तुला कोणीतरी आहे, तू जा. मी कोणाकडे येऊ?"

जेरोलिना ऐकत होती. सगळं समजतं तिला, हे मी सांगितलंच आहे. मी म्हटलं, "बाळा, ही बसलीय ना, ही त्याची आई."

पोरगा वळला. मग उठला, खांद्याचा रेडिओ सोडवला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"हा त्याचा आहे," तो म्हणाला. "निघताना त्याने मला दिला. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, ठेव तुला, मला आता काय ऐकायचंय?"

लाबेजा उठून मागे टॉवरकडे गेला आणि दुपारपर्यंत आला नाही. त्या दिवसापासून त्याने त्या यंत्राला हात लावलेला नाही. फिल्डाचा पोरगा जाण्याआधी म्हणाला, एकदा आईचा आवाज लावाल का? ते लावायला मी शिकले. एका बोटाने, चुकत माकत. तो काचेला टेकून ऐकत उभा राहिला, आणि ओटीवर जेरोलिना तोच आवाज ऐकत होती.

अजून दर शनिवारी ती येते. मी माईकमध्ये तिच्या मुलाला हाक मारते, तुझी आई आहे म्हणून सांगते. ऐकायला त्याच्याकडे काही नाही हे मला माहीत आहे. त्याचा रेडिओ मांडीवर घेऊन जेरोलिनाच ते सगळं ऐकत असते.